पायऱ्यांवरची बाई

४ ऑगस्ट

आज कन्यारत्न आलं. माझं नव्हे, ह्यांचं, पहिल्या बायकोचं. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. त्या वर्षात तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि आज दार उघडल्या उघडल्या विचारते काय, तर "प्लेटा कुठे ठेवल्या आहेत?" पाणी नको, चहा नको, खुर्ची नको. सगळं उभ्याउभ्याच.

बरोबर वस्तुसंग्रहालयाचे संग्रहपाल होते म्हणून मी तोंड आवरलं. गृहस्थ भले आहेत. बारा महिने सर्दी, हातात रुमाल, आणि कुणाचंच मन मोडायचं नाही असा चेहरा. जुन्या शहराचे नकाशे आणि ह्यांची छापील चित्रं शेजारी शेजारी लावून प्रदर्शन करायचं त्यांच्या मनात आहे. नदीकाठची सगळी जुनी वस्ती पाडून तिथे रस्ता झाला. आता तिथे काय होतं ते नकाशात दिसतं, नाहीतर ह्यांच्या चित्रांत. तेव्हा प्रत्येक चित्र ह्यांनी नेमकं कुठून काढलं ती जागा शोधायची आणि नकाशावर खूण करायची. कल्पना चांगली आहे, त्यात खोट नाही. खोट पुढे आहे. जागा शोधायचं काम त्यांनी आम्हा दोघींवर सोपवलंय. ती भूगोल शिकवते, तिला नकाशे वाचता येतात. आणि चित्रं मला पाठ, कारण ह्यांनी कोरलेल्या जवळजवळ सगळ्या तांब्याच्या प्लेटांना शाई लावून, पुसून, प्रेसमधून छाप काढणारे हात माझे.

"तुम्ही दोघींनी मिळून केलंत तर सोनं होईल," संग्रहपाल म्हणाले. आम्ही दोघींनी एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं.

ही वही त्यासाठीच उघडली. धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं असतं, पण ती लगेच म्हणणार, जाऊ दे ना ताई. मला जाऊ द्यायचं नाही.

७ ऑगस्ट

पहिली फेरी. दाणेबाजाराचं चित्र. दाणेबाजार आता नाही, तिथे गाड्या लावतात.

तिच्या हातात नकाशाची प्रत, माझ्या हातात चित्राची. चित्रात घड्याळाचा मनोरा मधोमध आहे आणि त्याच्या डाव्या खांद्यावर पाण्याच्या टाकीचा घुमट बसल्यासारखा दिसतो. टाकी अजून आहे, मनोराही आहे, फक्त घड्याळ बंद. तेव्हा मनोरा आणि घुमट तसे जुळेपर्यंत मागेपुढे सरकायचं. आम्ही स्कूटरींच्या रांगांमधून खेकड्यासारख्या सरकत होतो. वाहनतळाचा रखवालदार आमच्यावर डोळा ठेवून होता. दोन बायका, हातात कागद, गाडी नाही.

ती म्हणाली, आणखी मागे. मी म्हणाले, मागे नाही, वर. चित्रात दुकानांच्या पत्र्यांवर ठेवलेले दगड दिसतात, ते जमिनीवरून दिसणारच नाहीत.  शेवटी कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या माडीवर गेलो आणि खिडकीतून मनोरा आणि घुमट असे चपखल बसले, की माझ्या अंगावर काटा आला. इथे ह्यांचं कोपर टेकलं असणार. मी तिच्याकडे वळले, तर ती नकाशावर टिंब देत होती. "ठीक आहे," एवढंच. बरोबर होतं म्हणायला जीभ झडली असती.

म्हातारा शिंपी म्हणाला, हो, साहेब इथेच बसायचे, चहा मागवायचे. कधीकधी बाईसाहेबही असायच्या.

"कुठल्या?" आम्ही दोघींनी विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडात टाचण्या धरून मापं घ्यायला लागला.

११ ऑगस्ट

आता खरं भांडण सुरू झालं. एका परीने बरंच झालं; नुसतं धुमसत बसण्यापेक्षा हे बरं.

ह्यांच्या पुष्कळ चित्रांत एक बाई आहे. अंगठ्याच्या नखाएवढी. कुठे नदीच्या पायऱ्यांवर, कुठे मनोऱ्याच्या सावलीत, कुठे गल्लीच्या तोंडाशी. कमरेवर गाठोडं, एक खांदा उतरलेला, मान वळवून मागे बघते आहे. चेहरा म्हणजे दोन रेघा. मी ह्यांच्याकडे कामाला लागले त्या दिवसांत एकदा प्लेट पुसताना हे माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ओळख पाहू, कोण ही?" मी म्हटलं, कोण? तर हसले. "आता तुला आरसा आणून देऊ का?" म्हणाले. ते वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, धाकटीलासुद्धा नाही.

आज संग्रहालयात सगळी चित्रं टेबलावर मांडली होती. कन्यारत्नाने पायऱ्यांच्या चित्रावर बोट ठेवलं आणि संग्रहपालांना सांगितलं, "ही माझी आई."

मी हसले. हसायला नको होतं, पण आलं. मी म्हटलं, तुझा काहीतरी गैरसमज होतोय.

"बाबांनी स्वतः सांगितलंय मला. मांडीवर बसवून. ही बघ आई, कपडे घेऊन घरी येतेय."

"मुलांना काय काय सांगतात माणसं."

"आणि कामाला ठेवलेल्या बाईला?"

संग्रहपालांना जोराची शिंक आली. खरी होती की कसं, देव जाणे.

१२ ऑगस्ट

सगळी चित्रं जमिनीवर मांडून दिवसभर बघितली. ती मीच आहे. खांदा माझा आहे. प्रेसचं चाक ओढून ओढून माझा एक खांदा उतरलाच आहे, शिवणारी बाईसुद्धा दर वेळी ब्लाऊज त्या हिशोबाने बेतते.

१६ ऑगस्ट

मी पुराव्यानिशी गेले. दोन नकाशे मागून घेतले. पहिल्यात नदीवर पूल नाही, नावेचा उतार आहे, तुटक रेघेने दाखवलेला. दुसऱ्यात लोखंडी पूल आहे. पूल पुरा झाला तेव्हा तिची आई जाऊन वर्ष झालं होतं. आणि पुलाच्या चित्रात ती बाई आहे. कठड्याला टेकून, गाठोड्यासकट. मेलेली बाई पुलावर कशी आली, ते भूगोलाने सांगावं.

असंच म्हणाले मी, याच शब्दांत. तिचा चेहरा पांढरा पडला. पण कच्ची नाही ती. तिने खालून दुसरं चित्र काढून माझ्यापुढे सरकवलं. त्यात पुलाचे नुसते दोन खांब पाण्यात उभे आहेत, वर काही नाही. खांब उभे राहिले तेव्हा तिची आई हिंडतीफिरती होती आणि मी या शहरात पाऊलही टाकलं नव्हतं. बाई त्याही चित्रात आहे.

"हे कसं, ते छपाईने सांगावं," ती म्हणाली.

मी सांगितलं. जुन्या प्लेटेवर मागाहून चार रेघा कोरता येतात. मी आल्यावर ह्यांनी जुन्या चित्रांतही मला घातलं, त्यात काय? माणूस असं करतो.

"तुम्ही घालताना पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. पण हे प्लेटांवर काम करायचे तेव्हा दार लावून बसायचे, हे तिलाही ठाऊक आहे.

१९ ऑगस्ट

नदीच्या पायऱ्या. म्हणजे जिथे होत्या तिथे. आता वर सिमेंटचा बांध आणि त्यावरून रस्ता. खालच्या अंगाला फक्त वरची एक पायरी बांधातून डोकावते, तिच्यावर कुणीतरी तुटकी खुर्ची टाकलीय. नकाशात तिथे धोब्यांची वस्ती, रंगाऱ्यांची गल्ली, एक लहानसं देऊळ आणि त्यांचं घर. ह्यांचं आणि तिच्या आईचं. मी लग्न होऊन आले तेही तिथेच.

तिने नकाशा बांधावर पसरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पावलं टाकत हिशोब केला. "इथे आमचा दरवाजा. इथे पुढची खोली, प्रेसची. ही आतली खोली." आतली खोली आता बरोबर बसथांब्याखाली येते. तिथे दोन मुली आइस्क्रीम खात उभ्या होत्या. ती त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

मी म्हटलं, चित्र कुठून काढलं ते शोधायला आलोय, घर मांडायला नाही.

तेव्हा ती बोलली, माझ्याकडे न बघता. "आई आतल्या खोलीत पडून होती आणि तुम्ही बाहेर प्रेस फिरवत होता. आवाज बंद करा म्हणून सांगायला मला पाठवायची. मी यायचे, तुम्ही मला बिस्कीट द्यायचात, आणि चाक पुन्हा सुरू."

काम होतं. लोकांना चित्रं द्यायची होती. प्रेस काय हळू फिरवता येते? चाक अर्ध्यावर थांबवलं की कागदावर डाग पडतो, हे कुठल्याही छापणाऱ्याला विचारा. आणि मी त्या घरात पोरीला दुसरं देणार काय होते, बिस्किटाखेरीज? हे तिला सांगितलंही. ती म्हणाली, "हो ना." तिचं हे "हो ना" डोक्यात जातं.

जागा मात्र सापडली. ह्यांनी हे चित्र नावेतून काढलंय. किनाऱ्यावरून पायऱ्या इतक्या समोर येतच नाहीत. हे आम्हा दोघींच्या एकदम लक्षात आलं, आणि दोघींपैकी कुणीच आधी बोलेना.

२५ ऑगस्ट

चित्रांखाली लावायच्या पाट्यांवरून आज सभा. तिने लिहून आणलं होतं: "पायऱ्यांवरील स्त्री ही चित्रकाराची दिवंगत पत्नी." मी संग्रहपालांचं पेन घेऊन "दिवंगत" खोडलं.

संग्रहपालांनी सुचवलं, "आपण नुसतं 'एक स्त्री' लिहूया का?"

आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघींचं कशावर तरी एकमत झालं. बिचारे रुमालात तोंड लपवून बसले.

मग ते म्हणाले, सर्वात जुना नकाशा अजून दुरुस्ती विभागात आहे. त्याला मागून नवं कापड लावताहेत. तो आला की निदान जुन्या गल्ल्यांचा घोळ मिटेल. मला गल्ल्यांचा घोळ नाहीच. मी सांगितलं, माझं नाव लागणार नसेल तर माझ्या घरातली एकही प्लेट बाहेर पडणार नाही. हे मी मोठ्याने म्हणाले. बाहेर पाणी पिणाऱ्या शिपायालाही ऐकू गेलं असावं.

मला ह्यांची दुसरी बायको म्हणतात. दुसरी म्हणजे काय, तर उरलेली. तीस वर्षं उरलेली.

२ सप्टेंबर

गुडघा दाखवायला दवाखान्यात गेले. संग्रहालयातून निरोप होता, जुना नकाशा बघायला या. मी कळवलं, नंतर बघेन. ती एकटीच गेली म्हणे. जाऊ दे तिला. तिने खुशाल गल्ल्या मोजाव्यात.

५ सप्टेंबर

जिंकले!

ती घरी आली. आज बसली. चहा घेतला. कपाकडे बघत म्हणाली, "पाटीवर तुमचं लिहा. ती तुम्हीच आहात."

मला वाटलं, काहीतरी डाव आहे. मी विचारलं, आईचं काय झालं? म्हणाली, "पुलाचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. मी विचार केला." बस्स, एवढंच. ना कुरकुर, ना टोमणा. पुराव्यापुढे मान तुकवावी लागते, मग भूगोल शिकवा नाहीतर आणखी काही. धाकटीला फोन करून सगळं सांगितलं. धाकटी म्हणाली, ताई, तिने इतकं सहज कसं मान्य केलं? मी म्हटलं, सहज कुठे, महिनाभर झुंजले.

जाताना दारात थांबून तिने विचारलं, "बाबांनी तुम्हाला कधी समोर बसवून काढलं होतं का? पेन्सिलीने वगैरे?"

मी म्हटलं, त्यांना गरज नव्हती. मी त्यांच्या डोक्यात होते.

"आईलाही नाही बसवलं कधी," ती म्हणाली. हरल्यावरही एक तरी टोला हाणल्याशिवाय जायचं नाही.

१३ सप्टेंबर

तिच्या वागण्यात गोडवा आलाय आणि तो मला अजिबात मानवत नाही. रंगाऱ्यांच्या गल्लीच्या फेरीत माझी पिशवी घेतली. गुडघ्यामुळे मी मागे पडले तर थांबली, आणि थांबलीय असं वाटू नये म्हणून भिंतीवरची जाहिरात वाचत राहिली. जाहिरात कूपनलिकेची होती. हरलेल्या माणसाने हरल्यासारखं वागावं, नर्सबाईसारखं नव्हे. मी पिशवी परत मागून घेतली.

आज उरलेल्या सगळ्या जागा लागल्या. नकाशावर टिंबंच टिंबं. बघितल्यावर कळतं, की हे कधी लांब गेलेच नाहीत. सगळं आयुष्य नदीपासून मनोऱ्यापर्यंत. शहर उभंआडवं पसरत गेलं, ह्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

२० सप्टेंबर

नीट लिहायला हवं.

आज चित्रं टांगायची होती. मी लवकर गेले. दालनात फ्रेमवाला एकटाच. लांब टेबलावर तो सर्वात जुना नकाशा पसरलेला, काच अजून बसवायची होती. फ्रेमवाला त्याच्या खालच्या कोपऱ्यावर जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा बेतत होता. मी विचारलं, हे कशाला, नकाशा झाकतोयस का? तो म्हणाला, कोपरा खराब आहे, झाकायला सांगितलंय. मी पुठ्ठा उचलला.

कोपरा खराब नव्हता. तिथे वेलबुट्टीच्या चौकटीत शहराचं नाव होतं, खाली अंतर मोजायची पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला, रिकामी जागा भरायला जुने नकाशेवाले घालायचे तशी, एक बाई. कमरेवर गाठोडं. एक खांदा उतरलेला. मान वळवून मागे बघणारी. चेहऱ्याच्या दोन रेघा.

क्षणभर वाटलं, नुसतं साम्य आहे. ह्यांच्या चित्रात गाठोडं डाव्या कमरेवर, हिच्या उजव्या. पण मी छापणारी आहे. प्लेटेवर सगळं उलटं असतं. प्रिंटमध्ये डावं ते प्लेटेवर उजवं. या बाईला मी प्लेटेवर किती वेळा पुसलंय! अंगठ्याला कापड गुंडाळून तिच्या पदराच्या घडीतली जास्तीची शाई मीच टिपायची. हीच ती. घडीसकट, रेघेसकट. ह्यांनी नकाशावरून सरळ प्लेटेवर उतरवली, आणि छापताना ती उलटली.

नकाशा ह्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा.

संग्रहपाल आले, मला तिथे उभं पाहून थबकले. मी विचारलं, हे इथे नेहमी यायचे का? म्हणाले, तरुणपणी नकाशांच्या नकला करायला यायचे, असं जुने लोक सांगतात. मग चाचरत म्हणाले, "कोपरा झाकायचं भूगोलाच्या बाईंनी सुचवलं. मी त्यात पडलो नाही."

रिक्षाने घरी आले. गुडघा दुखत होता.

२१ सप्टेंबर

तिच्या शाळेत गेले. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात. भिंतीवर जगाचा नकाशा, एक खिळा निघालेला, आफ्रिका लोंबत होती.

मी म्हटलं, "तू पाहिला होतास."

"हो."

"म्हणून पाटी मला दिलीस."

ती खडूची भुकटी झटकत राहिली.

"आणि पुठ्ठा?"

"बरं नव्हतं दिसत."

"बापाची अब्रू झाकायला केलंस ना? तुला सांगितलं, ही आई; मला सांगितलं, ही तू; आणि बाई तर नकाशातली उचललेली. लोकांना कळलं असतं."

ती माझ्याकडे बघत राहिली.  असं वाटलं, आता बोलेल. मग म्हणाली, "हो. बाबांसाठीच केलं."

मला माहीतच होतं. तिला बापाखेरीज दुसरं कोण आहे? मला मात्र कुणी फसवलेलं चालत नाही, ह्यांनी नाही आणि तिनेही नाही. मी तिला सांगितलं, पुठ्ठा निघेल. माझी पाटी निघेल. आणि पायऱ्यांची प्लेट, खुद्द तांब्याची प्लेट, त्या कोपऱ्याशेजारी टांगली जाईल. ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल.

"नक्की?" तिने विचारलं. "लोक तुम्हालाच विचारतील."

"विचारू देत."

घंटा झाली. मुलं आत घुसली, आणि मला त्यांच्यातून वाट काढत बाहेर यावं लागलं.

२२ सप्टेंबर

ह्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. आज ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून खूप बोलले. काय काय ते लिहीत नाही. शेजारीण विचारायला आली, कोणी आलंय का. मी म्हटलं, नाही, गेलंय.

२८ सप्टेंबर

उद्घाटन. गर्दी बरी होती. माणसं नकाशापुढे वाकून आपापली घरं शोधत होती. "हे बघ, इथे आजोबांचं दुकान", "अगं नाही, ती पलीकडची गल्ली" असं चाललं होतं. चित्रांपेक्षा टिंबांनाच जास्त भाव. एक म्हातारे गृहस्थ पाडलेल्या धोबीवस्तीवर बोट ठेवून उभे होते, ते हलेनातच. मागे रांग लागली तरी कुणी त्यांना हटवलं नाही.

वर्तमानपत्राची एक तरुण मुलगी आली होती. तिला कोपरा दिसला, प्लेट दिसली, चित्र दिसलं. हुशार. आम्ही दोघी दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसलो होतो, मध्ये संग्रहपाल. त्या मुलीने विचारलं, म्हणजे ही बाई खरी कुणीच नव्हती?

"नाही," मी म्हणाले. "नकाशातली आहे."

"मग घरातलं कुणीच नाही त्यांच्या चित्रांत? तुम्ही तर तेव्हा तिथेच होतात ना?"

"मी छापत होते."

तिने लिहून घेतलं आणि कन्यारत्नाकडे वळली. "आणि तुमच्या आई?"

"आई आत होती," ती म्हणाली.

 संग्रहपालांनी रुमाल काढला. या वेळी शिंक आली नाही, नुसताच डोळ्यांना लावला. हळवे आहेत फार.

१ ऑक्टोबर

छापून आलंय. फोटोत मी आणि ती. मधल्या संग्रहपालांना कापलंय, त्यामुळे आम्ही शेजारी शेजारी बसल्यासारख्या दिसतो. धाकटीचा फोन, ताई, तुम्ही दोघी किती सारख्या रागावलेल्या दिसता.

९ ऑक्टोबर

प्लेटांमध्ये पायऱ्यांचीच आणखी एक आहे, नावेतून काढलेल्या चित्राची धाकटी आवृत्ती. प्रदर्शनात गेली नव्हती. आज सकाळी ती खिडकीशी घेऊन बसले, खरवडायची तिधारी सुरी घेतली, आणि बाईला खरवडायला सुरुवात केली.

हलकं काम नाही. तांबं खोल खरवडलं की खड्डा पडतो, मग मागून ठोकून ते वर आणावं लागतं, तेलाचा थेंब टाकून घोटावं लागतं, नाहीतर छापताना तिथे काळा डाग उमटतो. हे मला ह्यांनीच शिकवलंय. आधी गाठोडं गेलं, मग पदर. मान शेवटी.

दार उघडंच होतं. कन्यारत्न नकाशांच्या प्रती परत घ्यायला आलं आणि दारातच उभं राहिलं. मी सुरी खाली ठेवली नाही. म्हटलं, आता ओरडेल, संग्रहपालांना फोन करेल, बापाचं काम नासवलं म्हणेल. मी तयार होते. उत्तरंही तयार होती.

ती जवळ आली. प्लेटेवर वाकली. तिची सावली पडली म्हणून मी तिला बाजूला हो म्हटलं, तर झाली.

"छापता येईल?" तिने विचारलं.

"येईल. पण एकटीने कटकट होते. माझे हात शाईचे, आणि कागदाला स्वच्छ हात लागतात."

ती मोरीत गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, नखंसुद्धा. मी सांगितलं नव्हतं. मग मी शाई लावली, पुसली, प्लेट प्रेसवर ठेवली. भिजवलेला कागद तिने दोन कोपऱ्यांना धरून आणला. वाकडा पडू दिला नाही. वर जाड कापडं अंथरली. मी चाकाला हात घातला. अर्ध्यात गुडघ्याने दगा दिला, तेव्हा दुसऱ्या बाजूने तिने चाक धरलं. थांबू नकोस, मी म्हणाले. ती थांबली नाही.

कागद उचलला. नदी, पायऱ्या, वर घरांची रांग. पायऱ्यांवर कुणी नाही. जिथे ती होती तिथे थोडी राखाडी झाक राहिलीय, ओलं कापड उचलल्यावर दगडावर राहते तशी. आणखी एकदा घोटलं की जाईल.

 मग तिने टेबलावरची पेन्सिल माझ्याकडे सरकवली. चित्राखाली सही करतात ना, त्यासाठी. "तुम्ही करा," म्हणाली.

मी केली नाही. पेन्सिल बोथट होती, आणि तिच्यासमोर टोक काढत बसायची माझी इच्छा नव्हती.

ती गेली. प्रती न्यायच्या विसरली. चित्र वाळलं की न्यायला येते म्हणाली, आणि विचारलंसुद्धा नाही, की देणार का. हक्काने. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चित्र दोरीवर वाळतंय. कागद अजून थोडा भिजवलेला होता, शाईही उरली होती. तेव्हाच दोन प्रती काढायला हव्या होत्या.